काळी एकमध्ये वाजणारा नंदी

मंजुषा मॅडम घेतात, हे रोहण्यात सगळ्यांना माहीत होतं.

काय घेतात ते कोणी विचारत नसे. अख्खा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. इथे 'घेतात' एवढं म्हटलं की पुरतं. शिवाय पुरावा होता. शाळेच्या मागच्या अंगाला पत्र्याची खोली आहे, तिच्या खिडकीतून डोकावलं की भिंतीशी मांडून ठेवलेल्या शिशा दिसायच्या. हिरव्या, तपकिरी, चपट्या, लांब मानेच्या. एखादी काठोकाठ भरलेली, एखादी अर्धी, एखादीच्या तळाशी जेमतेम दोन घोट. पानठेल्यावरचे जाणकार सांगत, की कच्चा माणूस एका बैठकीत संपवतो, अर्धी उरवून ठेवणारा तो पक्का. मॅडम रोज सकाळी आर्वीहून एसटीनं येत, तेव्हा त्यांची पिशवी जड असे आणि आतून खणखण ऐकू येई. संध्याकाळी जाताना तीच पिशवी हलकी. आणखी काय पाहिजे?

त्यात खरं एवढंच होतं, की शिशा दारूच्या होत्या. आतलं पाणी शाळेच्या हापशीचं. मागच्या बाकावरून पातळी दिसावी म्हणून त्यात कपड्यांची नीळ टाकलेली. मंजुषा गंपावार, विज्ञान शिक्षिका, बीएस्सी बीएड, यांनी आयुष्यात चहापलीकडे काही घेतलेलं नाही आणि तोही बिनसाखरेचा. शिशा त्या आणायच्या आर्वीच्या कवडू भंगारवाल्याकडून. पहिल्यांदा मागायला गेल्या तेव्हा कवडूनं आधी रस्त्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या, मग पोत्याचं तोंड सोडलं. कवडूचा आवाज पोटातून निघतो आणि नाकात येऊन बसतो. वाचणाऱ्यानं तो तसाच काढावा:

"शिशा पायजे तेवढ्या न्या मॅडम. आपल्या जिल्ह्यात शिशा पोत्यानं हायेत. पिणारा मात्र एकबी नाई."

अफवा कानावर आली तेव्हा मॅडमनी खुलासा केला नाही की डोळ्यांत पाणी आणलं नाही. त्या नुसत्या वाट पाहत राहिल्या आणि चौथ्या-पाचव्या दिवशी शाळेतल्या सपनाची आई रुख्मिणीबाई चार बाया घेऊन खोलीच्या दारात उभी राहिली. रुख्मिणीबाई बोलत नाही, ती पाट्यावर मिरची वाटते. पोट्ट्यांसमोर हे असं, शाळेच्या खोलीत हे असं, लाज कशी नाही. मॅडम म्हणाल्या, वास घेऊन पाहा. रुख्मिणीबाईनं एक शिशी उचलून नाकाशी नेली, छाती भरून वास घेतला, काही लागेना. म्हणून तिनं वैतागून फूऽ करून श्वास सोडला. तो नेमका शिशीच्या तोंडावरून गेला आणि शिशी बोलली: हूंऽऽ.

बाया दचकल्या. मॅडमनी लगेच गळ्यापर्यंत भरलेली शिशी पुढे केली आणि विचारलं, ही फुंकली तर आवाज जाड येईल की बारीक? सगळ्या एकमुखानं म्हणाल्या, जाड, भरलेलं ते जाडच वाजणार. एकीनं चमच्यानं ठोकून दाखवलं, जाडच वाजली. मग फुंकली तर बारीक. पुन्हा ठोकली, जाड. पुन्हा फुंकली, बारीक. ठोकलं की काच आणि पाणी हलतं, फुंकलं की पाण्यावरची हवा हलते, हे बायांचं बायांनीच भांडून काढलं. त्या दिवशी पाच घरी स्वयंपाकाला उशीर झाला. दुसऱ्या दिवसापासून रुख्मिणीबाई हापशीवर सांगू लागली, की मॅडम पीत नाई, त्यायचं येड येगळ्या जातीचं हाय.

हे साधारण सत्त्याण्णवच्या सालातलं. प्रस्तुत लेखिका तेव्हा बालवाडीच्या वयाची होती, पण रुख्मिणीबाईचा आणि शिशीचा, दोन्ही आवाज तिला येतात. गावातल्या कोणाचाही आवाज काढून मागा, मिळेल. मॅडमचा तर झोपेतही निघतो. त्या वाक्याच्या शेवटी किंचित थांबून 'का बरं?' विचारतात आणि उत्तर येईपर्यंत पापणी हलवत नाहीत.

मॅडम वाढल्या आर्वीच्या बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात. गिऱ्हाईक पाण्याचा गुंड घ्यायला आलं की आधी बोटाच्या पेरानं ठोकणार, कानाशी नेणार, मग भाव. वडील श्रावणसेठ पाठमोरे बसलेले असले तरी आवाजावरून सांगत, तो ठेवा, त्याला चीर आहे. अशा घरात वाढलेल्या मुलीला गाता यावं, निदान गुणगुणता यावं, अशी कोणाचीही समजूत होईल. मॅडमना सूर लागत नाही. थोडा कमी लागतो असं नव्हे, अजिबात लागत नाही. प्रार्थनेला त्यांचे ओठ हलतात, आवाज बाहेर येत नाही. एकदा चुकून आला होता, तर पुढच्या रांगेतली पाचवीची पोरं माना वळवून पाहू लागली, की गुरं सुटली की काय.

त्या स्वतः हे अगदी सहज सांगतात. मला ऐकून कळत नाही, मोजून कळतं, म्हणतात. ब्याण्णव साली शाळेत लागल्या तेव्हा आवाजाचा धडा म्हणजे फळ्यावर नागमोडी रेघ आणि कपाटात कुलूपबंद असलेला नादकाटा. कुलपाची किल्ली हेडमास्तरांकडे, हेडमास्तर सभेला. मॅडमनी दुसऱ्या दिवशी दुकानातून पितळेची परात आणली, तीत चिमूटभर तांदूळ टाकले आणि काठावर लाटणं मारलं. तांदूळ नाचले. पोरांना कंपन कळलं आणि मॅडमना कळलं, की आपला सगळा धडा भंगारात आणि भांड्यात पडलेला आहे, उचलायचा तेवढा बाकी आहे.

मग गावातले टेप मरू लागले. घरोघरी कॅसेटी गुंडाळून गेल्या, लोकांनी सीडी आणल्या आणि कवडूचं पोतं मेलेल्या टेपांनी भरलं. मॅडमनी त्यांच्या पोटातल्या मोटरी काढून घेतल्या. एका जुन्या लाटण्याला पोरांनी खिळे ठोकले, मोटरीनं ते लाटणं हळूहळू फिरवलं, आणि जो खिळा पुढे येईल तो एक काडी उचलून शिशीवर आपटू लागला. टिंग, टिंग, टांग. एक खिळा उपटून दोन बोटं पलीकडे ठोकला की चाल बदलायची. मॅडम म्हणाल्या, हाच रोबो. लोखंडाचा माणूस म्हणजे रोबो नव्हे; एकदा सांगितलेलं काम सांगितल्या क्रमानं, न विसरता करतो तो रोबो.

यावर हेमराज उभा राहिला. हेमराज वर्गात सर्वांत उंच आणि सर्वांत संथ. त्याचं वाक्य सुरू झालं की घंटा होते. तो म्हणाला, "मंग आमचा ढवळ्या बी रोबो हाय मॅडम. वावरातून एकटाच घरी येते."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी समजावलं, की ढवळ्याच्या मनात आलं तर तो वाटेत चरत उभा राहतो, लाटणं राहत नाही. पण बैल त्यांच्या डोक्यात घुसला तो घुसलाच.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा तान्हा पोळा असतो. पोरं लाकडाचे बैल सजवून, ओढत, मारुतीच्या पारापर्यंत आणतात आणि घरोघर बोजारा मागतात, म्हणजे खाऊचे पैसे. मॅडमनी ठरवलं, की वर्गानं तान्ह्या पोळ्याला गाणारा नंदी न्यायचा. दोन हजार तीनचा उन्हाळा लागायच्या आत त्याचं अंग उभं राहिलं. मोडक्या बाकांच्या फळ्या, ठेल्याची चाकं, डोळ्यांच्या जागी सायकलच्या मागच्या लाल काचा. पोटात एसटीच्या फाटक्या सीटचं रेक्झिन शिवून केलेला भाता, तो दाबायला-उचलायला भंगारातल्या ट्रकच्या वायपरची मोटर, तिला ट्रॅक्टरची बॅटरी. पाठीवर लाइट फिटिंगच्या उरलेल्या पाइपांच्या पुंग्या, लहान-मोठ्या उतरत्या रांगेत. भात्यातली हवा पुंग्यांपर्यंत न्यायला ठिबकच्या फुटक्या नळ्या, आणि प्रत्येक पुंगीच्या तोंडाशी हवाई चपलेच्या रबराचं दार. लाटण्याऐवजी आता वायरीचं मोठं लाकडी रीळ आलं. रीळ फिरे, खिळा दार उघडे, पुंगी बोले. नाकात टेपचं बटन बसवलेलं होतं. नाकाला हात लावला की नंदी गप्प, हात काढला की जिथे थांबला तिथून पुढे.

पुंग्या सुरात लावायला मॅडमनी लक्ष्मणरावांना बोलावलं. लक्ष्मणराव वांगी-मेथी पिकवतात, आर्वीच्या बाजारात नेतात आणि रोहण्याच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. त्यांच्या कानाचा दबदबा असा, की लग्नातले बँडवाले त्यांना मांडवात पाहिलं की आवाज उतरवतात. मे महिन्यात वावराला काम नव्हतं. भर दुपारी पत्र्याच्या खोलीत, डोक्यावर ओला दुपट्टा टाकून, ते पेटीपुढे बसायचे. पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीला मंडळी काळी एक म्हणतात. रोहण्याचं मंडळ तिथूनच गातं. लक्ष्मणराव काळी एकपासून एकेक पट्टी दाबून धरायचे, हेमराज पुंगी फुंकायचा, पाइपाचं टोक कानशीनं घासायचा, पुन्हा फुंकायचा. लक्ष्मणराव बोलायचे एकच शब्द: "अजून." दुपारभर अजून, अजून, अजून. आणि मग एकदम, घशातल्या घशात: "हंऽ." तो हंऽ आला की पुंगी पक्की. सगळ्या पुंग्यांना हंऽ मिळाल्यावर ते पेटी खांद्यावर टाकून घरी गेले, आणि पेरण्या आल्या तसे पुन्हा शाळेकडे फिरकले नाहीत.

जुलैत शाळेला कॉम्प्युटर मंजूर झाले. संस्थेचे अध्यक्ष रूपराव, आर्वीच्या कापूस बाजारातले अडते. माणूस वाईट नाही. पोरांनी कॉम्प्युटर शिकावं ही त्यांची मनापासूनची हौस. पण खोली पाहिजे आणि मोकळी करता येईल अशी खोली एकच. ते प्रत्येक बोलणं 'म्हंजे असं आहे की' नं सुरू करतात आणि 'बरोबर?' नं संपवतात, आणि उत्तराला थांबत नाहीत. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. शिशा, टेपांचे सांगाडे, परात, नंदी.

"म्हंजे असं आहे की, मॅडम, तुम्ही म्हणता संगीतातून विज्ञान शिकवते. विज्ञान आम्हाले समजत नाई, पण संगीत तं समजते. तान्ह्या पोळ्याले लक्ष्मणरावची पेटी आन तुमचा नंदी एका सुरात वाजला, तं खोली तुमची. नाई वाजला, तं सोमवारी कवडू ठेला घेऊन येते. बरोबर?"

"बरोबर," मॅडम म्हणाल्या.

रूपराव दारात थबकले. त्यांच्या 'बरोबर?' ला आजवर कोणी उत्तर दिलं नव्हतं.

मंदाबाई, शाळेची शिपाईण, रूपराव गेल्यावर कपाळाला हात लावून बसली. मॅडमना काळजी नव्हती. प्रत्येक पुंगीला लक्ष्मणरावांचा हंऽ मिळालेला होता आणि रोज नंदी वाजत होता, झकास वाजत होता. तेव्हा सहावीत असलेल्या प्रस्तुत लेखिकेनंही कान लावून ऐकला होता, काही खोट नव्हती. खोली गेली तर मॅडमना पुन्हा फळ्यावरची नागमोडी रेघ आणि कुलपातला नादकाटा. पण ती जाणारच नाही, याची त्यांना खात्री होती.

मोठ्या पोळ्याच्या दिवशी, बैलांची पूजा आटोपून, लक्ष्मणराव पेटी घेऊन आले. चार दिवसांपासून झड लागलेली. थांबत नाही, जोरातही येत नाही, नुसती गळत राहते, तशी. खोलीत ओल आणि गारवा. हेमराजनं नंदीच्या नाकावरचा हात काढला. नंदी वाजू लागला. लक्ष्मणरावांनी काळी एक दाबली.

तो आवाज लेखिका काढून दाखवू शकते, पण जेवणाआधी काढत नाही. वंववंववंववंव. दोन सूर एकमेकांच्या अंगावर धावून गेल्यासारखे. लक्ष्मणरावांनी भुवई उचलली, एक पट्टी खाली उतरले. तिथेही वंववंववंव. नंदी दोन पट्ट्यांच्या मधे, जिथे पेटीला पट्टीच नाही अशा जागी, उभा होता. वर सरकून उपयोग नाही, खाली सरकूनही नाही. त्यांनी पेटीचा भाता मिटला.

"मॅडम, हे जमत नाई. आन उद्या पारावर मी खोटं बोलणार नाई."

"बोलूच नका," मॅडम म्हणाल्या.

मग सगळ्यांनी आपापलं निदान सांगितलं. मंदाबाई म्हणाली, नजर लागली. हेमराजच्या मते उंदीर. लेखिकेनं ठासून सांगितलं, की ओल खाऊन फळ्या फुगल्या आणि पुंग्यांची तोंडं बिघडली. मॅडमनी कोणाचंच धरलं नाही. त्यांनी लक्ष्मणरावांना एकच गोष्ट करायला लावली: प्रत्येक पुंगी वेगळी फुंकून सांगा, किती खाली आली. कमी-जास्त आली, की सारखीच?

लक्ष्मणराव एकेक फुंकत गेले. शेवटच्या पुंगीपाशी त्यांनी मान वर केली. "सारख्याच, मॅडम. मोजून उतरवल्यावानी."

मॅडमचा चेहरा उजळला. उंदीर कुरतडतो तर सगळ्या सारख्या कुरतडत नाही. फळी फुगली तर एकसारखी फुगत नाही. सगळ्या पुंग्यांमध्ये एकच गोष्ट सारखी, ती म्हणजे आतली हवा. मे महिन्यात पत्र्याखाली ती भट्टीतली हवा होती. थर्मामीटरचा पारा पंचेचाळीसच्या पुढे. आज सव्वीस. हवा थंड झाली की तिच्यातून आवाज हळू जातो आणि पुंगी खाली बोलते. हे त्यांनी वर्षानुवर्षं 'गाळलेल्या जागा भरा' मध्ये विचारलं होतं आणि पोरांनी वर्षानुवर्षं बरोबर भरलं होतं. सगळ्या पुंग्या एकदम उतरल्या, म्हणून एकट्या नंदीत काही कळलं नाही. पेटीच्या आतल्या पितळी पत्त्या तशा उतरत नाहीत, म्हणून शेजारी पेटी येताच कळलं. ही चूक आमच्याकडेच होऊ शकते. मे महिन्यात, भर दुपारी, पत्र्याखाली बसून वाद्य लावायला दुसरीकडचा माणूस धजणार नाही.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी हेमराज करवत घेऊन आला. पुंग्या थोड्या थोड्या कापल्या की सूर चढतो, हे त्याला माहीत होतं, आणि लेखिकेचाही त्यालाच पाठिंबा होता. मॅडम नंदीपुढे आडव्या उभ्या राहिल्या. एक पुंगी जास्त कापली गेली की संपलं, ती वाढवता येत नाही. आणि पुंग्यांची चूकच नाही तर त्यांना का कापायचं? आपण हवा गरम करू.

लेखिका म्हणाली, "सूर काय दूध हाय मॅडम, गरम केलं की वर यायले?"

"लावते पैज?"

बोलून तर बसली होती. मॅडमनी तिथल्या तिथे अटी ठरवल्या. पुंगी न कापता नंदी काळी एकमध्ये आला नाही, तर सोमवारी प्रार्थना मॅडम स्वतः म्हणतील, माइकवर, मोठ्यानं. आला, तर त्याच सोमवारी सातवीला आवाजाचा धडा लेखिकेनं शिकवायचा, आणि कोणाचीही नक्कल न करता, स्वतःच्या आवाजात. मंदाबाईला पैज ऐकूनच घाम फुटला. मॅडम हरल्या तर खोली जाणार, आणि वरून प्रार्थनाही ऐकावी लागणार.

खिचडीच्या चुलीजवळची शेगडी आली. तेलाचा रिकामा पिपा आला. भात्यातली हवा आधी पिप्यात जाईल, तिथे तापेल, मग पुंग्यांत, असं जोडायचं होतं. पहिल्या दणक्यात पिप्याला जोडलेली ठिबकची नळी मऊ पडून खाली लोंबली आणि शूऽऽ करून सगळी हवा हेमराजच्या तोंडावर. त्याची एक भुवई थोडी करपली. मॅडमनी नळीच्या जागी हापशीच्या जुन्या पाइपाचा तुकडा लावला, सांध्याला ओला चिखल थापला. पुंग्या बाहेरच्या झडीनं गार पडू नयेत म्हणून नंदीवर गोणपाट आणि गोणपाटावर चमकीची झूल घातली. झुलीखाली थर्मामीटर खुपसला. लोक म्हणाले, यंदा नंदी सजवला भारी. कोणाला कळलं नाही, की ती त्याची गोधडी आहे.

दुपारी मारुतीच्या पारासमोर गर्दी जमली. लहान-मोठे लाकडी बैल, त्यांच्या शिंगांना रंगीत कागद, पोरांच्या डोक्यावर पिशव्यांच्या टोप्या. भजनी मंडळ छपराखाली सतरंजीवर बसलं, लक्ष्मणराव मधे. रूपराव खुर्चीवर, छत्री मिटून. कवडूही आला होता, सोमवारचा अंदाज घ्यायला. नंदी आला तो पोटातून धूर सोडत. म्हाताऱ्यांनी हात जोडले.

हेमराजनं नाकावरचा हात काढला आणि रीळ काळी एकच्या पुंगीवरच अडवून धरलं. लक्ष्मणरावांनी काळी एक दाबली आणि दाबूनच ठेवली.

वंववंववंववंव.

रूपरावांनी कवडूकडे पाहिलं. लेखिका मॅडमच्या शेजारीच होती. तिला हसू यायला पाहिजे होतं, पैज तिच्या बाजूला चालली होती, पण ते येईना. मॅडमनी झुलीखाली हात घातला. पारा छत्तीस. त्यांनी मंदाबाईला शेगडीला वारा घालायला सांगितलं आणि स्वतः डोळे मिटले. ज्या बाईला सूर कळत नाही तिनं डोळे कशाला मिटावेत, असं लेखिकेला वाटलं. मग दिसलं, की त्यांचं बोट मांडीवर त्या थरथरीबरोबर आपटतंय. सूर त्यांना कळत नव्हता, पण थरथर मोजता येत होती. दोन आवाज जवळ येतात तशी ती हळू होते.

वंव-वंव-वंव-वंव.

"हळू झाली," मॅडम म्हणाल्या. डोळे मिटलेलेच.

पारा एकेचाळीस. मंदाबाई सुपानं वारा घालत होती, तोंडानं मारुतीचं नाव घेत होती. लक्ष्मणरावांचं बोट पट्टीवरून हललं नाही. नुसता तो एक लांबलचक आवाज, पिकलेल्या जखमेसारखा ठसठसणारा.

वंव... वंव... वंव...

मॅडमचं बोट मांडीवर एकदा पडलं. मग बराच वेळ पडलं नाही. मग एकदा. मग ते हवेतच राहिलं.

पेटी आणि नंदी यांच्यात आता फटच उरली नव्हती. पारावर एकच सूर उभा होता, आणि कोणता भाग लाकडी बैलाचा नि कोणता पेटीचा, हे गावातल्या सर्वांत तिखट कानालाही, म्हणजे कोणाच्या ते सांगत नाही, वेगळं करता येईना.

"हंऽ," लक्ष्मणराव म्हणाले, आणि थेट भजनाला सुरुवात केली.

मंडळानं टाळ उचलले. हेमराजनं रीळ सोडलं, पोरांनी नंदी हळूहळू पाराभोवती फिरवला, मंदाबाई शेगडीसोबत सूप घेऊन चालली. सूर सुटला की मॅडम नुसतं बोट वर करत, मंदाबाई वारा वाढवी. जास्त चढला की बोट खाली, मंदाबाई सूप आडवं धरी. तीन भजनं झाली. तिसऱ्यात रूपराव मान डोलावत होते, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

ते उठले, छत्री उघडली, पुन्हा मिटली. "म्हंजे असं आहे की, कॉम्प्युटरले गारवा लागते म्हणे. पत्र्याच्या खोलीत कसे टिकतीन. त्यायले हापिसाच्या बाजूची खोली बरी. बरोबर?"

कवडू मागूनच म्हणाला, मॅडमले आणखी काही मोटरी लागत असन तं सांगजो, माल आला हाय. आणि निघून गेला.

मॅडमनी लेखिकेकडे पाहिलं. 'का बरं?' विचारताना पाहतात तसं, पापणी न हलवता.

सोमवारी प्रार्थना नेहमीसारखी झाली, मॅडमचे नुसते ओठ हलले. त्यानंतर प्रस्तुत लेखिका सातवीच्या वर्गात फळ्यापुढे उभी राहिली. सातवीची पोट्टी मजेत सरसावून बसली होती. त्यांना वाटलं, आता रूपराव येणार, नाही तर कवडू. मॅडम शेवटच्या बाकावर, पोरांच्या मधे, हाताची घडी घालून बसल्या. लेखिकेनं दोनदा खाकरून पाहिलं. मग म्हणाली, की आवाज म्हणजे हवेतली हालचाल, आणि हवा गरम असली की तो लवकर पोचतो.

"मोठ्यानं," मॅडम शेवटच्या बाकावरून म्हणाल्या. "इथपर्यंत येऊन नाई राह्यला."